प्रकल्प नोंदी: लग्नाच्या अल्बमसाठी दोन मॉनिटरचं कॅलिब्रेशन

जागा: चिपळूण, अल्बम एडिटिंगची खोली, साधारण १० × १२ फूट.
मुदत: तुळशीच्या लग्नाआधी. नंतर मुहूर्त सुरू झाले की मॉनिटर अर्धा तासही मोकळा मिळत नाही.
मॉनिटर: एक २७ इंची आयपीएस (एलसीडी पॅनलची एक जात), डीसीआय-पी३ या रुंद रंगमर्यादेची सुमारे ९५ टक्के व्याप्ती असलेला (नोंदींत ‘मोठा’). दुसरा २४ इंची आयपीएस, साधा व्हाइट एलईडी बॅकलाइट, एसआरजीबी या नेहमीच्या, अरुंद रंगमर्यादेच्या व्याप्तीचा (नोंदींत ‘लहान’). शिवाय फोटो निवडण्यापुरता एक लॅपटॉप.
सेन्सर: आयवन डिस्प्ले प्रो जातीचा कलरिमीटर, म्हणजे पडद्याला लावून रंग आणि चमक मोजणारं यंत्र. एक्स-राइटची फोटोसाठीची ही साधनं २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाने मिळतात.
सॉफ्टवेअर: डिस्प्लेकॅल, आणि त्याच्या पोटात मोजणीचं खरं काम करणारं ग्रॅम गिल यांचं आर्गिलसीएमएस. दोन्ही मोफत. मूळ डिस्प्लेकॅल पायथन २ वर होतं. पायथन ३ वरची आवृत्ती आता इतर मंडळी सांभाळतात, तीच घेतली.

६ ऑक्टोबर २०२५

तक्रार नेहमीचीच: अल्बम लॅबमधून काळा येतो. स्क्रीनवर उजळ दिसलेला मांडव छापून आला की संध्याकाळचा वाटतो.

काहीही न बदलता, मॉनिटर ४० मिनिटं चालू ठेवून, पूर्ण पांढरी स्क्रीन मोजली. मोठा: २९८ निट, सुमारे ७१०० केल्विन. लहान: २४५ निट, सुमारे ७५०० केल्विन. (एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कँडेला, मोबाइलच्या जाहिरातीत असतो तोच. केल्विन म्हणजे पांढऱ्याची छटा: आकडा वाढला की निळसर, घटला की पिवळसर.)

प्रिंटशी जुळवून काम करायचं तर पडदा ८० ते १२० निटच्या दरम्यान हवा. इथलं लक्ष्य १०० निट ठरवलं. २९८ ते १०० म्हणजे दीड स्टॉपहून थोडा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एवढ्या झगझगीत पडद्यावर बसलेला माणूस फोटो डोळ्याला बरा वाटेल इतपत खाली ओढतो आणि लॅब तो तसाच छापते. यात लॅबचा काही दोष नाही, रंगाचाही नाही. ‘प्रिंट काळी येते’ या तक्रारीचं मूळ दहांतल्या नऊ वेळा पडद्याच्या ब्राइटनेसमध्ये असतं, आणि ते सेन्सर नसतानाही बरंचसं दुरुस्त करता येतं.

यावर दोन गावठी इलाज सर्रास चालतात. एक, लॅबला ‘जरा उजळ मारा’ सांगणं. दुसरा, शेवटी सगळ्या फोटोंना सरसकट अर्धा-पाऊण स्टॉप वाढवणं. दोन्हींत मुंडावळ्यांची फुलं, नवरदेवाचा पांढरा शेरवानी आणि जरीचा काठ सपाट पांढरे होतात. ते तपशील फाइलमध्येच गेलेले असतात, कागदावर परत येत नाहीत.

७ ऑक्टोबर

आज सेन्सर पेटीतच. खोलीचं काम.

भिंती पोपटी. मॉनिटरमागच्या भिंतीचा रंग नजरेत सतत राहतो आणि डोळा त्याच्याशी जुळवून घेतो. पोपटी भिंतीसमोर चेहरे आहेत त्याहून गुलाबी भासतात आणि त्यांतला गुलाबी किंचित जास्त काढला जातो. मागची एक भिंत मॅट इमल्शनने करड्या रंगाची केली. पांढऱ्यात नुसता काळा स्टेनर टाकला तर रंग निळसर दिसतो, म्हणून यलो ऑक्साइडचे थेंब घालून तो मारला. ओल्या रंगावर निर्णय घ्यायचा नाही. पुठ्ठ्यावर हात मारून, वाळवून, फोटोग्राफीच्या ग्रे कार्डाशेजारी धरून बघायचा. छटा कार्डापेक्षा फिकट चालते, फक्त रंगाकडे झुकलेली नको.

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. डोक्यावरची ६५०० केल्विनची ट्यूब एडिटिंगच्या वेळी बंद, त्याऐवजी मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड केलेला मंद दिवा. पडद्यासमोर उजेड आता ४० लक्सच्या आसपास. एसआरजीबीचं मानक ८० निटचा पडदा आणि ६४ लक्सची खोली गृहीत धरून लिहिलेलं आहे, त्याच्या जवळपास आलो. पूर्ण अंधार करू नये. अंधारात १०० निटचा पडदाही झगझगीत वाटतो आणि गाडी पुन्हा मूळ दुखण्यावर येते.

प्रिंट बघायचा कोपरा वेगळा, मॉनिटरपासून सहा फुटांवर: ५००० केल्विन, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा शंभरपैकी आकडा) ९५ चा एलईडी दिवा. तो किती उंचीवर टांगायचा याचा हिशोब सोपा आहे. कागदावर पडणारे लक्स गुणिले कागदाचं परावर्तन, भागिले ३.१४, म्हणजे कागदाची चमक निटमध्ये. फोटो कागद साधारण ०.९ परावर्तन देतो. म्हणजे १०० निटच्या पडद्याला जोड द्यायची तर कागदावर ३५० लक्स हवेत (३५० × ०.९ ÷ ३.१४ = १००). कलरिमीटरवर पांढरी झाकणी ओढली की तो लक्सही मोजतो. दिवा वरखाली करून ३५० वर बांधला.

प्रिंट बघायच्या उजेडाचं मानक आयएसओ ३६६४, त्यात नेहमीच्या परीक्षणासाठी ५०० लक्स आणि बारकाईच्या तुलनेसाठी २००० लक्स सांगितले आहेत. २००० लक्सखाली कागद ५७० निटला पोचतो, त्याच्याशी हा पडदा जुळूच शकत नाही. अल्बम शेवटी दिवाणखान्यात बघितला जातो, तिथे संध्याकाळी एवढा उजेड नसतो. ३५० पुरेत.

८ ऑक्टोबर

मॉनिटरचे मेनू साफ केले. दोन्हींवर बंद: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, आपोआप ब्राइटनेस, लो ब्लू लाइट, शार्पनेसची जादा पातळी, एचडीआर. कॉन्ट्रास्ट कंपनीच्या मूळ आकड्यावरच ठेवला. तो वाढवला की २४५ ते २५५ मधला फरक गिळला जातो. एलसीडीत ‘ब्राइटनेस’ म्हणजे बॅकलाइट. निट त्यानेच कमी करायचे, कॉन्ट्रास्टने नाही.

विंडोजमध्ये नाइट लाइट बंद, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमधलं ॲप्सचे रंग आपोआप सांभाळण्याचं बटण बंद.

लहानचा काळा मोजला तर कॉन्ट्रास्ट २५५:१. या जातीचं आयपीएस पॅनल १०००:१ च्या आसपास द्यायला हवं. पॅनल खराब नव्हतं. एचडीएमआय केबलवर ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ ची मर्यादित रेंज पाठवत होतं. म्हणजे ‘काळा’ म्हणून १६ ची पातळी, ‘पांढरा’ म्हणून २३५ ची. गॅमा (सिग्नलबरोबर उजेड कसा चढतो ती वक्ररेषा) २.२ धरून हिशोब केला तर १०००:१ चं पॅनल या अवस्थेत बरोबर अडीचशेच्या घरात येतं, त्यामुळे आकडा बघताच संशय तिकडे गेला पाहिजे. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रंग ‘आरजीबी’ आणि रेंज ‘फुल’ केली. पुन्हा मोजला: ९८०:१.

ही गोष्ट कॅलिब्रेशनच्या आधीच बघावी. मर्यादित रेंजवर कॅलिब्रेशन केलं तर सॉफ्टवेअर निमूटपणे त्या फिक्या काळ्याचंही प्रोफाइल बनवून देतं.

९ ऑक्टोबर

लहान आधी घेतला, कारण तो सोपा.

काच मायक्रोफायबर कापड आणि डिस्टिल्ड पाण्याने पुसली. काच पुसायचा स्प्रे मारू नये, मॅट थर डागाळतो. मॉनिटर थोडा मागे कलता केला, म्हणजे सेन्सर स्वतःच्या वजनाने सपाट बसतो. वायरवरचं वजन मागच्या बाजूला, सेन्सर पडद्याच्या मध्यावर येईल इतकं सरकवून. फटीतून उजेड आत गेला की गडद पातळ्यांची मापं बिघडतात. पूर्ण वेळ यूपीएसवर, कारण मधेच वीज गेली तर बॅकलाइट थंड होतो आणि सगळं पहिल्यापासून. आज चालू केल्याकेल्या १०७ निट होते, अर्ध्या तासाने १०० वर येऊन थांबले. या अर्ध्या तासाला शॉर्टकट नाही.

डिस्प्लेकॅलमधली लक्ष्यं: व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची नेमकी छटा) डी६५, सुमारे ६५०० केल्विनचा, म्हणजे रंगांच्या नकाशावर एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०. चमक १०० निट. गॅमा २.२. काळ्याची पातळी ‘जशी मोजली जाईल तशी’. करेक्शन (बॅकलाइटची जात सेन्सरला सांगणारी फाइल): व्हाइट एलईडी. गॅमा २.२ की एसआरजीबीची वक्ररेषा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एसआरजीबीची रेषा काळ्याजवळ सरळ आहे, तेवढाच फरक. फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचून तो भरून काढतंच.

सॉफ्टवेअर मोजणीआधी लाल, हिरवा, निळा यांच्या पट्ट्या दाखवतं आणि मेनूतले गेन (प्रत्येक रंगाचा जोर) फिरवायला सांगतं. नियम एकच: जो रंग सगळ्यात कमजोर तो १०० वर, बाकीचे दोन खाली आणायचे. कुणालाच १०० च्या वर न्यायचं नाही.

पहिल्या फेरीनंतर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ग्रे पट्टीवर जांभळट आणि पिवळट पट्टे. कारण: मॉनिटर ‘स्टँडर्ड’ मोडमध्ये होता आणि त्या मोडमध्ये गेन कुलूपबंद असतात. निळ्याची सगळी कपात ग्राफिक्स कार्डाच्या एलयूटीवर (पाठवायचे आकडे बदलणाऱ्या सारणीवर) पडली होती. निळा सिग्नल ८८ टक्क्यांवर कापला की ८ बिटच्या २५६ पायऱ्यांपैकी सुमारे २२५ उरतात. लाल-हिरव्याच्या पायऱ्या पूर्ण, निळ्याच्या कमी, म्हणून ग्रेमध्ये रंग उमटतो. मोड ‘यूजर’ केला, लाल १००, हिरवा ९५, निळा ८७, मेनूतला ब्राइटनेस १९. दुसऱ्या फेरीत ग्राफिक्स कार्डाच्या तिन्ही रेषा जवळपास सरळ आणि पट्टी स्वच्छ.

निळा मेनूत कापला काय आणि कार्डात कापला काय, असं वाटू शकतं. मेनूतली कपात मॉनिटरच्या आतल्या जास्त बिटांच्या गणितात होते. कार्डातली कपात केबलवर जाण्याआधीच पायऱ्या मारते.

११ ऑक्टोबर

मोठा. इथे वेळ जाणार हे ठाऊक होतं.

तीच लक्ष्यं, तेच करेक्शन (व्हाइट एलईडी) घेऊन एक फेरी मुद्दाम केली. सॉफ्टवेअरच्या मते दोन्ही पांढरे हुबेहूब सारखे. डोळ्याला शेजारी-शेजारी लख्ख वेगळे.

कलरिमीटर प्रकाशाचा पूर्ण वर्णपट मोजत नाही. त्याच्यात तीन फिल्टर असतात आणि ते मानवी डोळ्याच्या संवेदनेच्या जवळ जातात, पण तंतोतंत नाही. समोरच्या बॅकलाइटचा वर्णपट कसा आहे हे त्याला करेक्शन फाइल सांगते. साध्या व्हाइट एलईडीत निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर असतो, त्याचा लाल भाग पसरट. मोठ्यात पीएफएस जातीचा लाल फॉस्फर आहे, ६३० नॅनोमीटरजवळ सुयांसारखी टोकदार शिखरं. पसरट डोंगराची फाइल देऊन सुया मोजल्या तर लालचा अंदाज चुकतो.

करेक्शन बदलून ‘व्हाइट एलईडी, पीएफएस फॉस्फर’ घेतलं. आधी ०.३१२७ वाटलेला पांढऱ्याचा एक्स आता ०.००४ ने सरकलेला निघाला. गेन पुन्हा लावले, ब्राइटनेस २२.

करेक्शन फाइली दोन जातींच्या. सीसीएसएस मध्ये पॅनलच्या जातीचा वर्णपट असतो, ती कुठल्याही जुळणाऱ्या सेन्सरला चालते. सीसीएमएक्स ही एका विशिष्ट सेन्सर-मॉनिटर जोडीसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटरने काढलेली सारणी. दुसऱ्याच्या सेन्सरची सीसीएमएक्स उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याचा चश्मा लावणं. पॅनलची जात कळत नसेल तर कंपनीने सांगितलेली व्याप्ती बघावी: एसआरजीबीपुरता असेल तर बहुधा साधा व्हाइट एलईडी, ९० टक्क्यांवर पी३ सांगत असेल तर पीएफएस आधी तपासावा.

१२ ऑक्टोबर

करेक्शन बरोबर, तरी मोठ्याचा पांढरा लहानशेजारी किंचित हिरवट. हा दोष सेन्सरचा नाही. आकड्यांमागचा ‘प्रमाण निरीक्षक’ १९३१ सालचा आहे आणि त्यात ४६० नॅनोमीटरखालच्या निळ्याला डोळा जितका प्रतिसाद देतो त्यापेक्षा कमी धरला गेला. टोकदार वर्णपटाच्या पडद्यांवर ही तूट दिसून येते. शिवाय माणसामाणसाच्या डोळ्यांत फरक असतोच.

उपाय डोळ्यांनीच करायचा. लहान जागचा हलवला नाही. त्याचा वर्णपट पसरट, म्हणून त्याचं माप जास्त विश्वासाचं. मोठ्यासाठी डिस्प्लेकॅलचा व्हाइट पॉइंट एडिटर उघडला, दोन्ही पडदे पूर्ण पांढरे, मध्ये काळा पुठ्ठा उभा, तीन फुटांवरून नजर. एका वेळी ०.००१ इतकंच सरकवायचं, मग दहा सेकंद दुसरीकडे बघून परत यायचं. टक लावून बघत राहिलं तर डोळा जुळवून घेतो आणि सगळंच बरोबर वाटू लागतं.

थांबलो तिथे: एक्स ०.३१११, वाय ०.३२५६. एडिटिंगला बसणाऱ्या दुसऱ्यालाही आकडे न सांगता दाखवलं, त्याचा कौल ०.००१ च्या आत. हेच मोठ्याचं लक्ष्य म्हणून टाकून पूर्ण कॅलिब्रेशन केलं.

पाच हजार केल्विनच्या दिव्याखालचा कागद डी६५ पडद्याशेजारी धरला तर पिवळा दिसणारच. म्हणूनच प्रिंटचा कोपरा सहा फुटांवर: मान वळवायची, डोळ्याला क्षणभर द्यायचा, मग बोलायचं. फक्त छपाईचंच काम असतं तर पडदा ५५००-५८०० केल्विनवर आणला असता. इथे तोच फोटो नवरीच्या मोबाइलवरही जातो, म्हणून डी६५ सोडला नाही.

१३ ऑक्टोबर

प्रोफाइल. कॅलिब्रेशन पडद्याला ठरलेल्या जागी आणून बसवतं; प्रोफाइल तिथे बसलेला पडदा कसा आहे याचं वर्णन करतं. पहिलं मॉनिटरच्या मेनूत आणि ग्राफिक्स कार्डात राहतं, दुसरं आयसीसी फाइलमध्ये.

दोन्हींसाठी ‘सिंगल कर्व्ह आणि मॅट्रिक्स’ जातीचं प्रोफाइल, आयसीसी आवृत्ती २. एलयूटी जातीचं प्रोफाइल कागदावर अधिक अचूक, पण काही साधी सॉफ्टवेअर ते नीट वाचत नाहीत आणि फोटोवर रंगाची झाक येते. पॅनल सरळ वागणारं असेल तर मॅट्रिक्सने फारसं बिघडत नाही.

पडताळणी वेगळ्या रंगचौकटींवर, डेल्टा ई २००० मध्ये (रंगातल्या फरकाचं माप, जितकं कमी तितकं बरं). लहान: सरासरी ०.४, कमाल १.३. मोठा: सरासरी ०.६, कमाल १.९ (गडद निळ्यात). सरासरी १ च्या आत आणि कमाल ३ च्या आत असली की पुढे जावं.

या आकड्यांनी हुरळून जायचं कारण नाही. ज्या सेन्सरने मोजलं त्यानेच पडताळलं; स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासण्यातला प्रकार. ११ तारखेच्या चुकीच्या करेक्शनवरही पडताळणी अशीच सुंदर आली होती. ही परीक्षा एवढंच सांगते की प्रोफाइल मापांशी सुसंगत आहे. मापं खरी की नाही हे प्रिंट सांगणार.

समानता: पडदा ३ × ३ चौकटींत मोजला. मोठ्याचा खालचा डावा कोपरा मध्यापेक्षा १३ टक्के मंद. चेहऱ्यांचं काम मध्यभागी करायचं, पॅनल आणि टूल्स त्या कोपऱ्यात.

१५ ऑक्टोबर

बनवलेलं कॅलिब्रेशन कुठे कुठे गळतं ते तपासलं.

संगणक झोपेतून उठल्यावर ग्राफिक्स कार्डाची एलयूटी कोरी होऊ शकते. डिस्प्लेकॅलचा लोडर सुरुवातीलाच चालू होईल असं लावलं; तो दर थोड्या वेळाने एलयूटी तपासून परत भरतो. मॉनिटर कंपनीचं युटिलिटी सॉफ्टवेअर काढून टाकलं, कारण दोन लोडर एकमेकांचं पुसत बसतात.

विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक मॉनिटर वेगळा निवडून ‘या उपकरणासाठी माझी सेटिंग्ज वापरा’ वर टिक आणि योग्य प्रोफाइल डीफॉल्ट. डिस्प्ले ‘एक्स्टेंड’ हवा, ‘डुप्लिकेट’ नको. डुप्लिकेटमध्ये दोन पडद्यांना एकच प्रोफाइल मिळतं.

फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस म्हणून मॉनिटरचं प्रोफाइल कधीही नाही. ते प्रोफाइल फोटोशॉप आपोआप उचलतं. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी. मॉनिटरचं प्रोफाइल तिथे बसवलं की त्या मशीनवर सगळं छान दिसतं आणि लॅबमध्ये गेल्यावर रंग सुटतात.

मोठ्यावर एक कायमचा धोका: जे सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत नाही त्यात एसआरजीबी फोटो भडक दिसतो. हळद केशरी होते, चेहरे लाल. अल्बमच्या मांडणीची बरीच सॉफ्टवेअर या जातीची असतात. म्हणून वाटणी ठरली: मांडणी लहानवर, फोटोशॉप मोठ्यावर. फायरफॉक्स मूळ सेटिंगमध्ये फक्त प्रोफाइल जोडलेल्या चित्रांचं रंगव्यवस्थापन करतो. प्रगत सेटिंग्जमधला कलर मॅनेजमेंट मोड २ चा १ केला की बाकीच्यांनाही एसआरजीबी समजतो.

१६ ऑक्टोबर

लॅपटॉप. पॅनल ४५ टक्के एनटीएससी (टीव्हीची जुनी रंगमर्यादा). ७२ टक्के एनटीएससी म्हणजे क्षेत्रफळाने साधारण पूर्ण एसआरजीबी, त्या हिशोबाने हा एसआरजीबीच्या ६२-६३ टक्के. कॅलिब्रेशनने पांढरा आणि ग्रे सुधारले. कुंकवाचा लाल आणि झेंडूचा केशरी या पॅनलमध्ये नाहीतच, ते कुठलाही सेन्सर आणू शकत नाही. बॅटरीवर चित्र बघून बॅकलाइट बदलणारी वीजबचत ड्रायव्हरमधून बंद केली. लॅपटॉप फक्त निवडीसाठी. रंगाला हात लावायचा नाही.

१७ ऑक्टोबर

लॅबला चाचणी फाइल पाठवली. ८ × १२ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे २४०० × ३६०० पिक्सेल, एसआरजीबी प्रोफाइल जोडलेलं. त्यात ० ते ४० च्या गडद पायऱ्या चार-चारच्या अंतराने, २१५ ते २५५ च्या उजळ पायऱ्या, सपाट १२८ चा ग्रे, उजळ-सावळ्या त्वचेचे तीन चेहरे, हळदीचा एक फोटो, पैठणीचा पदर, काळ्या कोटाची घडी. दोन प्रती: एक ग्लॉसी, एक मॅट लॅमिनेशनसह. सोबत स्पष्ट सूचना: कुठलंही करेक्शन नाही, ऑटो बंद. ही सूचना फोनवर सांगून भागत नाही. फाइलच्या नावातच लिहिली.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, लॅब उघडली, प्रिंट आल्या.

ग्लॉसी प्रत ३५० लक्सखाली: एकूण उजेड पडद्याशी जुळतो. चेहऱ्यांत वाद नाही. १२८ चा ग्रे कागदावर अगदी किंचित उबदार, एवढं रसायनाच्या रोजच्या चढउतारात बसतं. यासाठी मॉनिटरला हात लावायचा नाही.

गडद पायऱ्यांत खरा फरक. पडद्यावर ४ आणि ८ वेगळे ओळखू येतात. ग्लॉसीवर १२ पर्यंत सगळं एकच काळं, मॅट लॅमिनेशनवर २० पर्यंत. हे कॅलिब्रेशनचं अपयश नव्हे. पडदा १०००:१ चा, ग्लॉसी फोटो कागद १००:१ ते २००:१ च्या आसपास, आणि मॅट थर वरून उजेड विखुरतो म्हणून त्याहून कमी. कोटाच्या घड्या मॅटमध्ये गायब होण्याचं कारण हेच.

मॅट अल्बमसाठी शेवटचा एक कर्व्ह लेयर ठरवला: १२ चं २०, ६४ जागच्या जागी, वर काही नाही. ग्लॉसीसाठी १२ चं १५. हा लेयर छपाईच्या प्रतीतच. मोबाइलच्या प्रतीत नाही.

२८ ऑक्टोबर

हळद. मोठ्यावर सुरेख दिसणारा हळदीचा फोटो एसआरजीबीत बदलला की पिवळ्यातली पोत मरते. लाइटरूम आतल्या आत प्रोफोटो या फार रुंद रंगमर्यादेत काम करतं, मोठा पी३ पर्यंत दाखवतो, आणि लॅबला जाते एसआरजीबी. बदल होताना गडद पिवळ्यात निळा चॅनल शून्यावर आपटतो. गालावरच्या हळदीचे थर, बोटांच्या खुणा एकसपाट डाग होतात.

पद्धत: लाइटरूममध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफ (बदलल्यावर फोटो कसा दिसेल याची झलक), प्रोफाइल एसआरजीबी, गॅमटबाहेरचा (रंगमर्यादेबाहेरचा) इशारा चालू. मग फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन १० ते १५ ने खाली, ल्युमिनन्स ५ ते ८ ने खाली, आणि निळ्या चॅनलमध्ये तपशील परत दिसेपर्यंतच. संपूर्ण फोटोचं सॅच्युरेशन उतरवलं तर हिरवा चुडा आणि कुंकू फुकट मरतात. पैठणीच्या गडद जांभळ्याला हा त्रास जवळपास नाही, भगव्या फेट्याला मात्र हळदीइतकाच.

लॅबकडून प्रिंटरचं प्रोफाइल मिळालं तर फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये तेच, ‘पेपर कलर’ टिकसह, कंट्रोल-वायने चालू-बंद. टिक पडताच चित्र मलूल दिसतं. त्या क्षणी दुसरीकडे बघावं, बाजूची पॅनल टॅब दाबून लपवावीत आणि मग परत यावं. पांढरी पॅनल शेजारी असली की डोळा त्यांनाच पांढरं मानतो आणि कागद करडा वाटतो.

अल्बमच्या १२ × ३६ इंची शीट (१०८०० × ३६०० पिक्सेल) पडद्यावर पूर्ण मावायला इतक्या लहान कराव्या लागतात की गडद भाग आपोआप ठीक वाटतात. काळ्याचा निर्णय १०० टक्के झूमवरच.

३१ ऑक्टोबर

दोन्ही मॉनिटरच्या मेनूला लॉक. मोड, ब्राइटनेस, तिन्ही गेन आणि व्हाइट पॉइंट कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवले: मोठा ‘यूजर’, ब्राइटनेस २२, एक्स ०.३१११, वाय ०.३२५६, करेक्शन पीएफएस. लहान ‘यूजर’, ब्राइटनेस १९, गेन १००-९५-८७, डी६५, करेक्शन व्हाइट एलईडी. वीज जाऊन मेनू मूळ सेटिंगला गेला तर हे कागद लागतील.

सेन्सर लेन्ससोबत हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्यांचा रंग बदलला की तापवून घ्यायच्या. या सेन्सरचे फिल्टर टिकाऊ असले तरी जुन्या जातीच्या कलरिमीटरचे सेंद्रिय फिल्टर दमट हवेत उतरायचे, आणि कोकणात पावसाळा चार महिने. जुना सेन्सर स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी हे बघावं.

फेरतपासणी महिन्यातून एकदा, फक्त पांढरा आणि चमक. १०० निटपासून ५ च्या आत आणि पांढरा ०.००२ च्या आत असेल तर काही करायचं नाही. बाहेर गेला तर आधी ब्राइटनेस आणि गेन, मग नवं प्रोफाइल. लॅबने कागद बदलला तर १७ तारखेची फाइल पुन्हा पाठवायची. दिव्याखालचे लक्सही त्याच दिवशी मोजायचे.

बाकी: खिडकीच्या पडद्याची डावी फट, दुपारी चारनंतर ऊन थेट लहानच्या काचेवर येतं.